पद्मिनीचा पत्रा आणि लोहाऱ्याचं लोखंड

१८८२ साली जमशेटजी टाटांच्या हातात एक अहवाल पडला. रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाने तो चांदा जिल्ह्यातल्या लोखंडावर लिहिला होता. चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली. दोन्हींची वाटणी बरोबर शंभर वर्षांनी, १९८२ मध्ये झाली. लोहाऱ्याच्या टेकडीत उत्तम खनिज आहे आणि वरोऱ्याला कोळसा आहे, एवढं वाचून जमशेटजींच्या डोक्यात पोलादाचा कारखाना शिरला. पण वरोऱ्याचा कोळसा जर्मनीत तपासून घेतला, तर तो लोखंड गाळायच्या कामाचा निघाला नाही. विषय बरीच वर्षं बारगळला.

पुढे सी. एम. वेल्ड हा अमेरिकन भूवैज्ञानिक, दोराबजी टाटा आणि शापुरजी सकलातवाला (हेच नंतर ब्रिटिश संसदेत कम्युनिस्ट खासदार झाले!) या जंगलात फिरले. लोहाऱ्याचं खनिज खरोखर समृद्ध होतं. फक्त, मोठा कारखाना चालेल इतकं नव्हतं. वरून अख्खी टेकडी लोखंडाची दिसायची, आतला साठा त्या मानाने तोकडा. हे सांगायला दोराबजी नागपूरला गेले आणि तिथल्या संग्रहालयात त्यांना दुर्ग जिल्ह्यातलं लोखंड दाखवणारा नकाशा सापडला. तिथून शोध पूर्वेकडे सरकत गेला. कारखाना झाला तो साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला. आपल्या हातून तो असा निसटला.

हा इतिहास मी वाचला तो बाबांच्या गाडीपायी. परदेशात लोक जुनी जॅग्वार किंवा एमजी स्पोर्ट्स कार दुरुस्त करतात; चंद्रपुरात जुनी गाडी म्हणजे जीप, नाहीतर फियाट. आमची प्रीमियर पद्मिनी. ती बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केली. तुम्ही पद्मिनीला मुंबईची टॅक्सी म्हणून ओळखत असाल, पण तिचा इटालियन पूर्वज साधा नव्हता. फियाट ११००ची ‘टीव्ही’ आवृत्ती मिल्ले मिल्या या भन्नाट रस्त्यावरच्या शर्यतीत धावलेली आहे. हे बाबांना सांगितल्यावर ते आठवडाभर गाडीकडे वेगळ्याच नजरेने बघत होते.

गाडी अंगणात अनेक पावसाळे उभी होती. वरून ठीक दिसायची. एका गॅरेजने कधीतरी रंग मारून दिला होता, तो अजून चमकत होता. आमचे मिस्त्री आले. त्यांनी खिशातून फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि दरवाजाखालच्या पट्टीवरून फिरवलं. चुंबक चिकटेचना. तिथे पत्रा नव्हताच, पुट्टी होती. मग त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत नेलं. चांगला पत्रा ठण वाजतो; सडलेला नुसता थप्प. “भाऊ, वरून बरा दिसते, पण आतून पूरा जंग खाल्ला आहे,” मिस्त्री म्हणाले. (आमच्याकडे ‘गंज’ म्हणजे दूध तापवायचं भांडं, म्हणून जंगच बरा.)

या गाडीला वेगळी चासी नसते. जमिनीचा पत्रा, दरवाजाखालच्या पोकळ पेट्या आणि खांब मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. पेटी बाहेरून रंगवलेली, आतून जवळजवळ कोरीच. दरवाजातून झिरपलेलं पाणी खाली उतरतं. बाहेर पडायला भोकं ठेवलेली असतात, ती चिखलाने बुजतात. चंद्रपुरात त्यात कोळशाची धूळ आणि वीज केंद्राची राख मिसळते. त्या लगद्यात ओल टिकून राहते. दोन पत्रे जिथे एकमेकांवर दाबून जोडलेले असतात तिथे तर हवा पुरेशी पोचत नाही आणि लोखंड सगळ्यात आधी तिथेच खाल्लं जातं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून जोड फुगतो आणि उकलतो. बाहेर रंगाला फोड येतो तोवर आतलं काम उरकलेलं असतं.

हा दोष एकट्या जुन्या भारतीय गाड्यांचा नाही. १९८० मध्ये ब्रिटनमध्ये लान्सिया बीटाचा बोभाटा झाला, कारण इंजिनाची चौकट जिथे बोल्टने अडकते तिथेच पत्रा सडत होता. कंपनीला गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या. पोर्शने सत्तरच्या दशकाच्या मध्यात ९११च्या बॉडीला जस्ताचा मुलामा द्यायला सुरुवात केली. आणि एमजीबीसाठी तर १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये जुन्याच साच्यांवर अख्खी नवी बॉडी मिळू लागली. सगळा पत्राच नवा घातला तर जुनी गाडी उरली कुठे, हा प्रश्न मला खरा वाटतो. बाबांनाही तो पडला. “पुट्टी भरून टाक, चालवायची तर अंगणातच आहे,” ते म्हणाले. सडका भाग कापायला त्यांचं मन होत नव्हतं. पण मला तिच्यातून आईला ताडोब्याच्या रस्त्याने न्यायचं होतं. सांगाडाच पोकळ असलेल्या गाडीत माणसं बसवायची नाहीत, यावर मी ठाम राहिलो.

कापण्याआधी मिस्त्रींनी दरवाजाच्या चौकटीत आडवा पाइप वेल्ड केला, नाहीतर गाडी मधेच वाकते आणि मग दरवाजे जन्मात बसत नाहीत. मग ग्राइंडर. गंज संपून चकचकीत धातू दिसेपर्यंत कापत जायचं, हा एकच नियम. जिथे एक वीत वाटलं होतं तिथे हातभर पत्रा गेला. नवे तुकडे जुन्यावर चढवले नाहीत, कडेला कड लावून जोडले, कारण चढवला की पाणी अडायला पुन्हा फट तयार. आतून जस्ताचा प्रायमर, वर पातळ मेण. मिस्त्रींना जळकं ऑइल ओतायचं होतं. पूर्वी सगळे तेच करायचे आणि ते अगदीच चुकीचं नव्हतं, पण ते ओघळून जातं.

कापलेल्या तुकड्यांतून तांबूस पापुद्रे निघाले, बोटाने चुरगळणारे. लोहाऱ्याचं किंवा एटापल्लीकडच्या सुरजागडचं खनिज मुळात लोखंड आणि ऑक्सिजनचंच संयुग. गंजही तेच, फक्त सोबत पाणी. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षं उभा आहे, कारण त्या जुन्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर संरक्षक थर तयार झाला. आपल्या मोटारींच्या पत्र्याला ती सोय नाही.

बाबांनी एक कापलेला तुकडा भंगारात जाऊ दिला नाही. त्यावर मूळ निळा रंग आहे. दोन्ही पेट्यांना मिस्त्रींनी एकेक भोक ठेवून रबरी बूच बसवलं आहे. पोळा झाला की बूच काढायचं, टॉर्च मारायचा आणि आत बघायचं.