मुलाखतीतले ८६ गुण

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या मेडिकल कॉलेजकडे १९७३ साली १०० जागांसाठी २,४६४ अर्ज आले. त्यांतला एक ॲलन बॅकीचा. व्हिएतनाममध्ये मरीन अधिकारी राहून आलेला हा तेहतिशीचा माणूस नासात इंजिनियर होता. परीक्षकांनी त्याला ५०० पैकी ४६८ गुण दिले. पण अर्ज उशिरा पुरा झाला आणि तोवर सर्वसाधारण जागांवर ४७० च्या खाली कुणालाच घेत नव्हते. दोन गुणांनी प्रवेश हुकला.

खास प्रवेशातल्या १६ राखीव जागांपैकी चार मात्र अजून रिकाम्या होत्या. १९६८ च्या पहिल्या तुकडीत एकही कृष्णवर्णीय किंवा मेक्सिकन वंशाचा विद्यार्थी नव्हता, म्हणून ही सोय केली होती. बॅकीने प्रवेश समितीचे प्रमुख डॉ. जॉर्ज लॉरी यांना पत्र लिहून या सोयीला थेट वांशिक कोटा म्हटलं.

पुढच्या वर्षी त्याने पुन्हा अर्ज केला. एक मुलाखत विद्यार्थ्याने घेतली. त्याला बॅकी मनमिळाऊ वाटला आणि त्याने ९४ गुण दिले. दुसऱ्या मुलाखतीला योगायोगाने समोर बसले ते खुद्द लॉरी. त्यांनी दिले ८६, सहा परीक्षकांत सर्वांत कमी. शेरा असा, की उमेदवाराची मतं फार ठाम आहेत, पण ती सगळ्या प्रश्नाच्या अभ्यासातून नव्हे, स्वतःच्या दृष्टिकोनातून आलेली आहेत. बेरीज ६०० पैकी ५४९. सरासरी ९३.६ वरून ९१.५ वर घसरली आणि पुन्हा नकार आला.

लॉरींनी मताला शिक्षा केली, की मतामागच्या अपुऱ्या विचाराला? शेऱ्यातून दोन्ही अर्थ निघतात.

प्रकरण कोर्टात गेलं. २८ जून १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १६ जागांचा कोटा रद्द करून बॅकीला प्रवेश द्यायला लावला. मात्र वंश हा अनेक निकषांपैकी एक म्हणून विचारात घ्यायला मुभा ठेवली. बॅकी १९८२ साली डॉक्टर झाला.

नीटच्या गुणांवर एमबीबीएसला जाणाऱ्या मराठी मुलांना हे सगळं परकं वाटेल. अमेरिकेत वाढलेल्या त्यांच्या मावस-चुलत भावंडांना मात्र तिथल्या मेडिकल कॉलेजांच्या सामाईक अर्जात १५ कामं, प्रत्येकी ७०० अक्षरांत, नोंदवता येतात. वर ५,३०० अक्षरांचं निवेदन. त्या नोंदींत गर्भपाताच्या हक्कासाठी काढलेला मोर्चा असो वा त्याविरुद्धचा, वाचणाऱ्याचा कल आधी कळत नाही. ती ओळ ठेवली, तर उलट बाजूचा मुद्दाही मुलाखतीत मांडता यावा लागतो.

२०२३ साली न्यायालयाने वंशाचा निकषही मोडीत काढला. त्याच निकालात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी एक वाट खुली ठेवली : वंशामुळे आपल्या आयुष्यात काय घडलं, हे उमेदवार निबंधात लिहू शकतो. त्यामुळे अशा अनुभवातून केलेल्या आंदोलनाबद्दल किती सांगायचं, हा हिशेबही आता त्या ५,३०० अक्षरांत बसवावा लागतो.