थिएटर कोणाचं, जमीन कोणाची?

"आता सगळं मोबाइलवर दिसतं, म्हणून जुनी थिएटरं बंद पडतायत," हे वाक्य आपण सगळेच येताजाता ऐकतो. माझ्या मते हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं समजून घ्यायला आज लालबागला जाऊ, 'भारतमाता'समोर.

हे थिएटर आहे इंडिया युनायटेड मिलच्या जागेत, म्हणजे ऐन गिरणगावात. चाळीतल्या एका खोलीत आठ-दहा माणसं, गिरणीत पाळ्या, आणि हातात पैसे बेताचेच. अशा लोकांना परवडेल असं तिकीट आणि हक्काचा मराठी सिनेमा, ही भारतमाताची ओळख. ही गोष्ट साधी वाटते, पण नव्हती. १९७१ मध्ये दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' दादरच्या कोहिनूरला लागावा म्हणून शिवसेनेला रस्त्यावर उतरावं लागलं होतं! मुंबईतच मराठी सिनेमाला पडद्यासाठी भांडावं लागायचं.

मग गिरण्यांचं काय झालं? १९७४ मध्ये आजारी गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि इंडिया युनायटेड राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यानंतर गिरण्या हळूहळू थांबत गेल्या, पण त्यांच्याखालच्या जमिनीचा भाव वाढतच गेला. भारतमाताचा भाडेकरार संपल्यावर महामंडळानं जागा परत मागितली आणि प्रकरण कोर्टात गेलं. मराठी चित्रपटसृष्टीतली माणसं थिएटरच्या बाजूनं उभी राहिली. तरी भवितव्य टांगणीलाच.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे मला हे असं दिसतं: ॲप तुमचं, युजर तुमचे, पण सर्व्हर दुसऱ्याचा. करार संपला की युजर कितीही असोत, ॲप बंद.

असं पहिल्यांदा घडतंय का? नाही. पुण्याकडे बघा. मंडईजवळचं 'आर्यन' हे पुण्याचं पहिलं कायमस्वरूपी चित्रपटगृह. बापूसाहेब पाठकांनी ते १९१५ मध्ये सुरू केलं. १९८३ मध्ये जागेची मुदत संपली आणि ते पाडलं गेलं. आज तिथे वाहनतळ आहे. १९८३ मध्ये मोबाइल सोडा, आपल्याकडे रंगीत टीव्ही येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. मग आर्यन कशानं गेलं, सांगा बरं?

दुसरं उदाहरण 'प्रभात'चं. १९३४ पासून अप्पा बळवंत चौकाजवळ. प्रभात फिल्म कंपनी १९५३ मध्ये बंद पडली, तिच्या स्टुडिओत पुढे फिल्म इन्स्टिट्यूट आली, पण थिएटर मात्र चालत राहिलं. डिसेंबर २०१४ मध्ये भाडेकरार संपला आणि वास्तू मूळ मालकांकडे, किबे कुटुंबाकडे परत गेली. इथे मात्र गोष्ट वेगळी वळली. मालकांनी ते 'किबे लक्ष्मी' या नावानं पुन्हा सुरू केलं. नाव गेलं, पडदा राहिला.

म्हणजे करार दोन्हीकडे संपला. फरक पडला तो जमीन ज्याच्या हातात होती, त्यानं काय ठरवलं यामुळे.

आता तुम्ही म्हणाल, प्रेक्षकच आले नाहीत तर मालकानं थिएटर का चालवावं? प्रश्न रास्त आहे. मोठी इमारत, वीजबिल, पगार, कर, आणि दुपारच्या शोला वीस माणसं. मुंबईच्या विकास नियमांत जुनं थिएटर पाडलं तर नव्या बांधकामात निदान एक तृतीयांश आसनांचं थिएटर ठेवण्याची अट वर्षानुवर्षं होती. थिएटरमालकांना ती जाचक वाटायची. त्यांचीही बाजू आहे. पण भारतमाताची जमीन खासगी मालकाची नाही, सरकारी महामंडळाची आहे. तिथे निव्वळ जमिनीचा भाव हाच एक निकष कसा चालेल?

हे मी तटस्थपणे बोलत नाहीये. माझं ऑफिस लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या जागेवर आहे. माझी खुर्ची जिथे आहे तिथे कधीकाळी माग चालायचे. गिरणगावात त्या कामगारांच्या करमणुकीची एक तरी जागा उरावी, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून एक काम देतो. तुमच्या गावात जुनं टॉकीज असेल तर तिकीट काढाच, पण मॅनेजरला दोन प्रश्न विचारा: जमीन कोणाची आणि करार कधीपर्यंत? उत्तर व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात ऐकवतो. भेटू!