घरांतलें मुंगळ्यांचें वारूळ

राहात्याच्या एखाद्या दुकानांत गुळाची ढेप उघडी राहिली, कीं तिच्यावर प्रथम हजर होणारा प्राणी म्हणजे काळा मुंगळा. नगर-मनमाड रस्त्यावरील या गांवाचा परिसर गोदावरीच्या उजव्या कालव्याच्या पाण्यावर वाढला. ऊस आणि पेरू यांनीं तो ओळखला जातो. गोड रसाचें एवढें वैभव असल्यावर मुंगळ्यांचा मुक्काम तेथें कायमचा असावा, यांत नवल नाहीं. पेरूच्या झाडावर पिठ्या ढेकणाची वसाहत पडली, म्हणजे त्याच्या अंगांतून पाझरणारा गोड रस चाटण्यासाठीं मुंगळे खोडावरून रांग लावतात आणि त्या मोबदल्यांत ढेकणाच्या शत्रूंना हुसकावून लावतात. बागाईतदाराला हा व्यवहार महागांत पडतो. गृहिणीचेंही मुंगळ्याशीं वैर जुनें: दुधाच्या कपाटाच्या पायांखालीं पाण्याच्या वाट्या, उंबऱ्यावर हळदीची रेघ. अशा या शत्रूला मुद्दाम घरांत आणून कांचेच्या पेटींत त्याचा संसार थाटून देणें विलक्षण वाटेल खरें. परंतु या उद्योगाला अडीचशे वर्षांहून अधिक इतिहास आहे.

मुंगळ्याचें शास्त्रीय नांव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फाब्रिसियस यानें 1787 मध्यें त्याचें प्रथम वर्णन केलें. याच्या युरोप-अमेरिकेंतील भाऊबंदांना तिकडचे लोक 'सुतार मुंग्या' म्हणतात. कारण त्या ओंडके व घराच्या तुळया पोखरून आंत दालनें कोरतात. लाकूड त्या खात मात्र नाहींत, भुसा बाहेर आणून टाकतात. लाकूड खाण्याचा धंदा वाळवीचा. आपला मुंगळा बहुधा झाडाच्या बुंध्याशीं मातींत बीळ करतो. सुताराच्या कुळांत जन्मून बेलदाराचें काम करणारा हा कारागीर आहे.

मुंग्यांना कांचेच्या भांड्यांत ठेवून त्यांच्यावर नजर ठेवण्याचा उद्योग अठराव्या शतकांत फ्रान्समध्यें रेओम्यूर यानें केला. त्याचें मुंग्यांवरील हस्तलिखित जवळजवळ पावणेदोनशें वर्षें तसेंच पडून राहिलें व 1926 मध्यें अमेरिकन शास्त्रज्ञ व्हीलर यानें तें छापून काढलें. दरम्यान 1810 मध्यें जिनीव्हाच्या पिएर ह्यूबर याचा मुंग्यांवरील ग्रंथ बाहेर पडला. मधमाशांचें जीवन उलगडणारा आंधळा संशोधक फ्रान्स्वा ह्यूबर तो याचाच पिता. बापाला दुसऱ्याच्या डोळ्यांनीं पाहावें लागलें. मुलानें कांचेच्या तावदानाची घरटीं करून स्वतः डोळे भरून पाहिलें.

परंतु मुंग्यांना खऱ्या अर्थानें घरांतलें माणूस केलें तें लंडनच्या सर जॉन लबक यानें. हा गृहस्थ पेशानें सावकारी पेढीचा मालक, पार्लमेंटचा सभासद आणि डार्विनचा शेजारी. इंग्लंडांतील बँकांना सुट्या देणारा 1871 चा कायदा त्याच्याच खटपटीनें झाला. दोन कांचांच्या मध्यें मातीचा पातळ थर, वर अंधारासाठीं झांकण आणि भोंवतीं पाण्याचा खंदक, अशीं त्याचीं वारुळें असत. आपल्याकडे कपाटाच्या पायांखालीं वाटी ठेवतात ती मुंग्या आंत येऊं नयेत म्हणून. लबकचा खंदक त्या बाहेर जाऊं नयेत म्हणून होता. युक्ति एकच, हेतु उलटा.

लबकनें मुंग्यांच्या पाठीवर रंगाचे ठिपके देऊन व्यक्तिगत ओळख ठेवली. निरनिराळ्या रंगांचा प्रकाश पाडला असतां त्या आपले कोश तांबड्या उजेडांत निर्धास्त ठेवतात, पण जांभळ्यापलीकडील, माणसाला न दिसणाऱ्या किरणांतून ते घाईनें हलवतात, हें त्यानें दाखविलें. त्याचा एक प्रयोग तर विनोदी आहे. त्यानें कांहीं मुंग्यांना दारूनें बेशुद्ध करून शुद्धीवरील मुंग्यांच्या वाटेंत ठेवलें. आपल्या वारुळांतील झिंगलेल्यांना त्यांनीं बहुतेक घरीं उचलून नेलें. परक्यांना उचलून खंदकांत टाकलें. मद्यपान-निषेधाच्या सभेंत सांगण्याजोगी ही गोष्ट असली, तरी लबकला त्यांतून पाहावयाचें होतें तें एवढेंच, कीं मुंगी आपल्या माणसाला ओळखते ती कशावरून. ठरीव खुणेनें म्हणावें, तर शुद्धीवर नसलेली मुंगी ती खूण देणार कशी?

त्याचा ग्रंथ 1882 मध्यें प्रसिद्ध झाला. 1874 पासून पाळलेली त्याची एक राणी 1888 पर्यंत जगली. मुंगी म्हणजे एका पावसाळ्याचा जीव ही समजूत तिनें कायमची मोडली. पुढें युरोपांतील एका लहान काळ्या मुंगीची राणी बंदिवासांत अठ्ठावीस वर्षांहून अधिक जगल्याची नोंद झाली. गोठ्यांतील गाय इतकीं वर्षें क्वचितच काढते.

लबकनंतर फ्रेंच अभियंता शार्ल जाने यानें प्लॅस्टरचीं, एका टोकास ओलावा राखणारीं घरटीं केलीं; 1900 च्या सुमारास, चीनमध्यें मिशनरी म्हणून आयुष्याचा मोठा भाग घालविलेल्या ॲडेल फील्ड या अमेरिकन बाईंनीं कांचेचें सुटसुटीत, उचलून नेण्याजोगें घरटें तयार केलें.

या विद्येचा आपल्या प्रांताशीं संबंध आला तो मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीमुळें. 1883 मध्यें स्थापन झालेल्या या संस्थेच्या नियतकालिकांत 1892 सालीं 'आपल्या मुंग्या' अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख आला. लेखक आर. सी. रॉटन हे मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यांतील अधिकारी. जंगलांत हिंडतांना जमविलेल्या मुंग्या ते स्वित्झर्लंडमधील ऑग्यूस्त फोरेल यांच्याकडे धाडीत. फोरेल हे झुरिकच्या वेड्यांच्या इस्पितळाचे प्रमुख. दिवसा मनोरुग्ण आणि उरल्या वेळेंत मुंग्या! पुढें स्विस सरकारी बँकेच्या हजार फ्रँकांच्या नोटेवर त्यांचें चित्र आलें आणि पाठीमागें मुंग्या आल्या. हिंदुस्थानांतील मुंग्यांवरील त्यांची लेखमाला याच मुंबईच्या नियतकालिकांत निघाली. एका इवल्याशा मुंगीला त्यांनीं 1890 मध्यें रॉटन यांचेंच नांव दिलें. मात्र तो सर्व काळ संग्रहाचा होता. मुंगी टांचणीवर यावयाची, कांचेआड संसार करावयाची नव्हे.

संसार पाहावयाचा तर आरंभ राणीपासून करावा लागतो. पावसाळ्याच्या तोंडीं पंखांचे नर-मादी उडतात. संयोगानंतर नर मरतो, मादी पंख झाडून बीळ शोधते. अशी मादी हल्लीं कांचेच्या नळींत ठेवतात. नळीच्या तळाशीं पाणी, त्यावर घट्ट कापसाचा बोळा, मध्यें राणी, तोंडाशीं पुन्हां बोळा, आणि सर्वत्र अंधार. ती कांहीं खात नाहीं. उडण्याचे निरुपयोगी स्नायू आणि अंगची चरबी जिरवून त्यावरच पहिलीं पिलें पोसते. तिच्या आंतड्याभोंवतीं राहणारे सूक्ष्म जंतु तिला पोषणांत मदत करतात. ते ब्लॉखमान या जर्मन शास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकांत पाहिले. कांहीं आठवड्यांनीं बारीक, फिकट कामकरी कोशांतून निघतात, तेव्हां कोठें मधाचें पाणी आणि मेलेली माशी देण्याची वेळ येते. पाळणाऱ्यानें तोंवर केवळ नळीला हात न लावण्याचें काम करावयाचें असतें, आणि तेंच सर्वांत अवघड. रोज झांकण काढून पाहणाऱ्याची राणी भिऊन स्वतःचींच अंडीं खाऊन टाकते.

हा छंद आतां जगभर पसरला असून त्याचा बाजारही झाला आहे. 2025 मध्यें केनियांत दोन बेल्जियन तरुण सुमारें 5,000 मुंग्यांसह पकडले गेले. त्यांत राण्या होत्या, नळ्यांत कापूस घालून त्या परदेशीं विकण्यासाठीं बांधल्या होत्या. न्यायालयानें प्रत्येकीं दहा लक्ष शिलिंग दंड किंवा वर्षाचा कारावास सांगितला. गुन्हा हत्तीच्या दांतांसारखाच मोजला गेला, आणि तें योग्यच झालें; कारण एक राणी नेणें म्हणजे एक वारूळ नेणें. परमुलुखीं ती सुटली तर तेथील मुंग्यांच्या जागेवर हक्क सांगणार, हा धोका निराळाच. राहात्याच्या पेरूच्या झाडाखालचा मुंगळा पाळावयाचा असेल त्यानें तो तेथलाच पाळावा आणि नको झाला तर तेथेंच सोडावा.

राणी मेल्यावर वारुळांत दुसरी सहसा येत नाहीं. कामकरी माद्याच असल्यामुळें त्या कधीं अंडीं घालतात, पण संयोग न झाल्यानें त्यांतून नरच निघतात. त्यांना उडून जावयाचें असतें. घर राखणारें कोणी नवें जन्मत नाहीं, आणि उरलेल्या कामकरी एकेक करून संपतात.