पुरलेल्या वाहिन्यांचा माग : मुंबई उपनगरांच्या भूमिगत इतिहासाचे एक प्रकरण

मुंबईच्या इतिहासाची साधने म्हणून कागदपत्रे, नकाशे, शिलालेख व वास्तू यांचा विचार अभ्यासकांनी पुष्कळ केला आहे. परंतु या शहराचे एक मोठे दफ्तर रस्त्यांच्या पृष्ठभागाखाली पडलेले असून त्याकडे इतिहासाचे साधन म्हणून क्वचितच पाहिले जाते. पाण्याचे बिडाचे व पोलादी नळ, मैलावाहिन्या, विजेच्या आणि दूरध्वनीच्या तारा, अलीकडच्या काळातील वायूच्या नळ्या असे थरांवर थर तेथे साचलेले आहेत. हे दफ्तर न उघडता वाचण्याचे एक साधन म्हणजे इलेक्ट्रॉनिक लोकेटर, अर्थात भूमिगत वाहिन्यांचा माग काढणारे विद्युत्-यंत्र. यंत्राचे शास्त्र फारसे गहन नाही. इतिहासाच्या अभ्यासकापुढे उभा राहणारा प्रश्न मात्र निराळा आहे. ज्या वस्तू माणसांनीच, रीतसर परवानगीने, मोजूनमापून पुरल्या, त्या कोठे आहेत हे विचारण्यासाठी माणसांना यंत्राकडे का जावे लागावे? या प्रश्नाचे उत्तर यंत्रापेक्षा उपनगरे शहराला ज्या रीतीने जोडली गेली त्या रीतीत अधिक सापडते, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उपनगरांच्या भूमीत पहिले मोठे नळ आले ते उपनगरांसाठी नव्हेत. विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये मुंबई बेटास मिळू लागले. तुळशीची भर १८७९ मध्ये पडली आणि तानसा योजना १८९२ मध्ये कार्यान्वित झाली. हे तिन्ही जलाशय बेटाच्या उत्तरेस असल्यामुळे त्यांचे पाणी साष्टीच्या भूमीवरूनच दक्षिणेकडे जाणे भाग होते. तानसाच्या नळांनी मुलुंड, भांडुप, घाटकोपर हा मार्ग धरला. ज्या गावांच्या शिवारातून हे नळ गेले ती गावे तेव्हा महापालिकेच्या हद्दीबाहेर होती. विहिरीवर घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईला नळ दिसत होता, पण पाणी शहराचे होते. पुढे १९५७ मध्ये वैतरणेवरील धरण पुरे झाले, ज्याला अभियंते ना. वि. मोडक यांचे नाव मिळाले. त्याचे पाणीही याच दिशेने आले. तानसाच्या नळांचा बराच भाग जमिनीच्या वर उघडा असल्यामुळे त्यांचा माग काढण्याचा प्रश्नच येत नाही. प्रश्न निर्माण झाला तो या थोर नळांना फुटलेल्या शाखा-उपशाखांमुळे.

या शाखा कोणी टाकल्या, हे पाहिले म्हणजे गुंता ध्यानात येतो. मुंबई उपनगर जिल्हा १९२० मध्ये ठाणे जिल्ह्यापासून वेगळा झाला. त्या काळी वांद्रे, कुर्ला, पार्ले-अंधेरी, घाटकोपर-किरोळ अशा स्वतंत्र नगरपालिका होत्या आणि त्यांच्या पलीकडे गावे होती. मुंबई महापालिकेची हद्द १९५० मध्ये पश्चिमेस जोगेश्वरी व पूर्वेस भांडुपपर्यंत, आणि १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत वाढविण्यात आली. हद्द एका आज्ञेने सरकते. दप्तरे मात्र त्या वेगाने एकजीव होत नाहीत. प्रत्येक नगरपालिकेचे आराखडे वेगळ्या प्रमाणाचे आणि वेगळ्या हाताचे होते. विजेच्या बाबतीत एकीकरण झालेच नाही, असे म्हटले तरी चालेल. शहरात बेस्ट, अंधेरी, बोरिवली, घाटकोपर या बाजूस १९२९ मध्ये स्थापन झालेली उपनगरी वीज कंपनी, जी पुढे रिलायन्सकडे आणि २०१८ मध्ये अदानी समूहाकडे गेली, तर मुलुंड व भांडुप राज्याच्या वीज मंडळाकडे, म्हणजे आजच्या महावितरणकडे. दूरध्वनीचे खाते निराळे. नळाने वायू पुरविण्यासाठी १९९५ मध्ये महानगर गॅस कंपनी स्थापन झाली, तेव्हा पदपथाखाली आणखी एक भागीदार आला. प्रत्येकाने आपापला चर खणला, आपापला आराखडा ठेवला, आणि शेजाऱ्याचा आराखडा पाहण्याची सक्ती कोणावरच पुरेशी नव्हती.

त्यातही आराखडा असणे आणि तो उपयोगी पडणे या दोन गोष्टी आहेत. जुन्या आराखड्यावर नळाचे अंतर एखाद्या कुंपणभिंतीच्या कोपऱ्यापासून किंवा बंगल्याच्या फाटकापासून मोजलेले असते. बंगला पाडून तेथे सात मजली इमारत उभी राहिली आणि रस्ता रुंद झाला की तो आकडा खरा असूनही निरर्थक होतो. वजने व मापे यांचा कायदा १९५६ चा. मेट्रिक मापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने रूढ झाली. म्हणून एकाच रस्त्याखालील दोन नळांपैकी एक फूट-इंचांत आणि दुसरा मीटरमध्ये नोंदलेला असणे हे उपनगरांच्या बाबतीत स्वाभाविकच ठरते. उंचीच्या बाबतीतही महापालिका टाऊन हॉलच्या पायापासून मोजते, तर भारतीय सर्वेक्षण खाते समुद्रसपाटीपासून. मुलुंडसारख्या ठिकाणी, जेथे १९२० नंतरच्या दशकात वसाहत काटकोनी रस्त्यांवर आखली गेली, तेथे रस्त्याच्या रेषेवरून नळाची रेषा ताडता येते. अंधेरीच्या आसपासच्या गावठाणांत हा तर्क चालत नाही. तेथे नळ वाटेप्रमाणे वळला आणि वाट घरांप्रमाणे.

या अवस्थेत खरा नकाशा होता तो चावीवाल्याच्या डोक्यात. ठराविक वेळी झडपा उघडून वस्त्यांना पाणी सोडणारा हा कनिष्ठ कर्मचारी कोणत्या झाकणाखाली कोणती झडप आहे आणि तिची शाखा कोठवर जाते, हे चालत चालत शिकलेला असतो. त्याचे ज्ञान कागदावर उतरविले गेले नाही आणि त्याच्या निवृत्तीबरोबर त्याचा बराच अंश गेला. उपनगरांच्या पाणीपुरवठ्याच्या इतिहासात अभियंत्यांची नावे येतात, पण या वर्गाचा उल्लेख अपवादानेच आढळतो. लेखनातील ही उणीव लहान म्हणता येणार नाही.

लोकेटरचा उगम मात्र या सर्वांपासून फार दूर आहे. अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर २ जुलै १८८१ रोजी गोळी झाडण्यात आली. शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी तारेच्या वेटोळ्यांचे एक यंत्र तयार केले. जवळ धातू आला की वेटोळ्यांतील समतोल ढळून कानाला लावलेल्या दूरध्वनीत आवाज उमटावा, अशी त्याची योजना होती. प्रयोग फसला. गोळी अपेक्षित जागी नव्हती हे एक कारण, आणि रुग्णाच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या हे दुसरे. शोधावयाच्या धातूपेक्षा भोवतालचा धातू अधिक बोलतो, ही अडचण अशा रीतीने यंत्राच्या जन्मापासूनची आहे. अंधेरीच्या काँक्रीट रस्त्यातील सळया आज लोकेटरला तोच त्रास देतात. पुढे १९३० नंतरच्या दशकात गेरहार्ड फिशर हे कॅलिफोर्नियात विमानांना रेडिओने दिशा दाखविण्याच्या साधनांवर काम करीत होते. धातूच्या सान्निध्यात दिशा चुकते, हे त्यांच्या ध्यानी आले आणि दोषाचाच उपयोग करून त्यांनी धातुशोधक यंत्र घडविले. त्याचे पेटंट त्यांना १९३७ मध्ये मिळाले. दुसऱ्या महायुद्धात सुरुंग शोधण्यासाठी अशा यंत्रांचा मोठा उपयोग झाला.

वाहिन्यांचा माग काढणाऱ्या लोकेटरचे तत्त्व थोडे वेगळे आहे. धातूच्या वाहिनीतून प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाह जात असेल तर तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्राची वर्तुळे निर्माण होतात. यंत्राचे दोन भाग असतात. प्रेषक हा झडपेसारख्या उघड्या जागी नळाला जोडून किंवा नुसता जमिनीवर ठेवून वाहिनीत ठराविक कंपनसंख्येचा प्रवाह निर्माण करतो. ग्राहक हा हातात धरून रस्त्यावर आडवा फिरविला जातो आणि वाहिनीच्या नेमक्या माथ्यावर त्याचा संकेत कमाल किंवा, वेटोळे उभे असल्यास, किमान होतो. एकावर एक बसविलेल्या दोन वेटोळ्यांतील संकेतांच्या प्रमाणावरून खोली काढता येते. विजेच्या तारेत ५० हर्ट्झचा प्रवाह मुळातच असल्याने तिला प्रेषकाची गरज बहुधा पडत नाही. मात्र तारेवर भार नसेल तर तिच्याभोवती ऐकण्याजोगे क्षेत्रही नसते. दाब असलेली, जीवघेणी अशी ती तार यंत्राला निर्जीव वाटते. कमी कंपनसंख्येचा संकेत दूरवर जातो आणि शेजारच्या वाहिनीत फारसा उतरत नाही. अधिक कंपनसंख्येचा सहज निर्माण होतो, पण तितक्याच सहजपणे शेजाऱ्याच्या अंगावर उडी घेतो. पाच खात्यांच्या वाहिन्या हातभर अंतरात पुरलेल्या असतात अशा पदपथावर हा भेद निर्णायक ठरतो.

येथे एक विलक्षण गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. जुने बिडाचे नळ जोडताना सांध्यात तागाचा पीळ ठासून वर वितळलेले शिसे ओतीत असत. शिसे विद्युत्वाहक असल्यामुळे असा नळ सलग वाहकासारखा वागतो आणि यंत्राला चांगला प्रतिसाद देतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रबरी कड्यांचे सांधे आले. पाणी अधिक चांगले अडले, पण प्रवाह सांध्यासांध्याला खुंटू लागला. वायूची पिवळी नळी तर पॉलिएथिलीनची, म्हणजे लोकेटरच्या लेखी जवळजवळ नसल्यासारखीच. तिच्यासोबत तांब्याची माग-तार पुरली असेल आणि ती मध्ये तुटली नसेल तरच तिचा पत्ता लागतो. सारांश, पुरलेली वस्तू जितकी जुनी तितकी ती यंत्राला अधिक सुबोध आणि जितकी नवी तितकी अबोल, असा इतिहासाच्या नेहमीच्या अनुभवाच्या उलट क्रम येथे आढळतो.

अधातू वस्तूंसाठी भूभेदी रडार हा उपाय सांगितला जातो, आणि जगात अनेक ठिकाणी तो यशस्वी झाला आहे. हे यंत्र रेडिओलहरी जमिनीत सोडून त्यांचे परावर्तन टिपते. परंतु खारट पाण्याने भिजलेल्या चिकणमातीत या लहरी फार लवकर विरतात. उपनगरांच्या पश्चिम पट्ट्याचा, विशेषतः बोरिवलीलगतच्या गोराई-चारकोप भागाचा, पुष्कळसा अंश खाडीच्या दलदलीवर भर घालून तयार झालेला आहे. जेथे नव्या वसाहती व म्हणून नव्या प्लास्टिक नळ्या अधिक, तेथेच जमीन रडारला प्रतिकूल, असा हा योग आहे.

या अज्ञानाची किंमत कोण देतो, हे दोन अलीकडच्या घटनांवरून दिसते. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अंधेरी पूर्वेस सीप्झजवळ मेट्रोच्या सहाव्या मार्गिकेच्या कामात जमिनीला छिद्र पाडताना वेरावली जलाशयाची १८०० मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी फुटली. जुन्या मापात हा नळ सहा फुटांचा, मध्यम उंचीचा माणूस आतून ताठ चालत जाईल एवढा. तो दुरुस्त होईपर्यंत अंधेरी व आसपासच्या मोठ्या वस्तीला पाण्यावाचून राहावे लागले. इतक्या थोर वस्तूचे ठिकाण शोधण्यास सूक्ष्म यंत्राची गरज पडावी हेच मुळात चमत्कारिक आहे. दुसरी घटना अंधेरी पूर्वेचीच. ९ मार्च २०२५ रोजी मध्यरात्रीनंतर शेर-ए-पंजाब वसाहतीलगतच्या रस्त्यावर वायुवाहिनी गळून आग भडकली आणि रस्त्यावरून जाणारी माणसे भाजली. खोदकामात वाहिनीस इजा झाल्याचे तेव्हा सांगण्यात आले. मोठ्या नळाचा अपघात पाण्यावर निभावतो. पिवळ्या नळीचा तसा निभावत नाही.

यंत्राची मर्यादा सर्वांत स्पष्टपणे दाखविणारा प्रसंग मात्र उपनगरांच्या सीमेपलीकडे, ठाण्यात घडला. कापूरबावडी ते भांडुप संकुल असा सुमारे १५ किलोमीटर लांबीचा व ५५०० मिलिमीटर व्यासाचा जलबोगदा मुंबईच्या पाण्याचा मोठा हिस्सा वाहून नेतो. ठाण्यात एका ठिकाणी कूपनलिका खोदताना या बोगद्यालाच भोक पडले आणि दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३ पासून मुंबईत १५ टक्के पाणीकपात करावी लागली. खडकात खोलवर गेलेल्या त्या बोगद्याचा सुगावा रस्त्यावर फिरविलेल्या कोणत्याही लोकेटरला लागला नसता. तेथे एकच साधन उपयोगी होते, ते म्हणजे कूपनलिका खोदण्यापूर्वी पाहिलेला नकाशा.

योगायोग असा की, ही कपात सुरू होण्याच्या नऊच दिवस आधी, २२ मार्च २०२३ रोजी, खोदण्यापूर्वी वाहिनीच्या मालकांना सूचना देण्याची सोय करणारे ‘कॉल बिफोर यू डिग’ हे भ्रमणध्वनी-ॲप केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागातर्फे सुरू झाले होते. त्यात खोदणारा जागा कळवितो आणि मालक आपल्या वाहिन्यांची माहिती देतो. मालकाजवळ जी माहिती आहे तीच मिळणार, हे उघड आहे. पार्ले-अंधेरी नगरपालिकेच्या काळातील एखादी शाखा कोणाच्याच आराखड्यात नसेल तर उत्तरही येणार नाही. म्हणून लोकेटरने रेषा काढली, आराखड्याने तिला दुजोरा दिला, तरीही नेमक्या जागी कुदळ-फावड्याने हातखणतीचा चाचणीखड्डा घेऊन डोळ्यांनी पाहणे, हीच शेवटची कसोटी मानली जाते. लोकेटरची खूण खडूने किंवा रंगाने रस्त्यावर केली जाते. तिचे अंतर व खोली कोणी वहीत उतरवून आराखड्यावर चढविली तर पुढच्या खोदणाऱ्यास ती मिळते. नाहीतर चर बुजवून वर डांबर अथवा काँक्रीट पडले की खूण त्याच्याखाली जाते आणि त्याच जागी पुन्हा यंत्र फिरवावे लागते.