शर्यतीच्या गाडीचा पंख : कधी उंच, कधी हलता, तर कधी गायब

विमानाच्या पंखाला हवा वर उचलते. तोच पंख उलटा बसवला, तर हवेचा जोर खालच्या दिशेने पडतो आणि चाके रस्त्याला अधिक घट्ट धरून राहतात. शर्यतीच्या गाडीमागे दिसणाऱ्या ‘रिअर विंग’चे मूळ तत्त्व एवढेच. वळणावर हा दाब चालकाचा पाठीराखा ठरतो. सरळ रस्त्यावर मात्र तोच पंख हवेला आडवा येऊन वेग खातो. सहा, बारा वा चोवीस तास चालणाऱ्या ‘एन्ड्युरन्स’ शर्यतींत इंधन आणि टायर यांचाही हिशेब ठेवावा लागत असल्याने ही ओढाताण अधिकच जाणवते. अभियंत्यांनी पंखाचे विलक्षण प्रयोग केले ते याच शर्यतींत.

मायकेल मे या तरुण स्विस अभियंत्याने १९५६ मध्ये आपल्या पोर्श ५५० गाडीवर, चालकाच्या आसनाच्या वर, कोन बदलता येणारा उलटा पंख बसवला आणि ती न्यूरबुर्गरिंगच्या एक हजार किलोमीटरच्या शर्यतीसाठी नेली. मागील चालकांच्या दृष्टीस अडथळा होईल, असे कारण पुढे करून अधिकाऱ्यांनी तो उतरवायला लावला. कल्पना दशकभर मागे पडली.

ती पुन्हा उभी केली टेक्सासमधील मिडलंडच्या जिम हॉल यांनी. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे पदवीधर असलेले हॉल स्वतः उत्तम चालकही होते. त्यांच्या ‘शॅपरल २एफ’ या १९६७ च्या गाडीकडे पाहताच नजर जाई ती छताच्याही वर, दोन उंच खांबांवर तोललेल्या पंखाकडे. गाडीवरून आणि गाडीच्या बाजूने वाहणारी हवा घुसळलेली असते. उंचावर ती स्वच्छ मिळते, म्हणून हे खांब.

खरी चतुराई मात्र खांब कोठे टेकवले यात होती. ते गाडीच्या सांगाड्यावर नव्हे, तर मागच्या चाकांच्या सस्पेन्शनवर थेट जोडलेले होते. त्यामुळे हवेचा दाब स्प्रिंगा न दाबता सरळ चाकांवर पडे. शिवाय गाडीची गिअर-यंत्रणा स्वयंचलित धाटणीची, म्हणजे क्लचचे पेडल नाही. चालकाचा डावा पाय रिकामा. हॉल यांनी त्याला काम दिले. सरळ रस्त्यावर डाव्या पायाखालचे पेडल दाबून ठेवले, की पंख आडवा होऊन हवेला वाट करून देई. पाय उचलताच तो पुन्हा तिरका होई. विमानात शोभावी अशी ही योजना सात लिटरच्या शेव्हर्ले इंजिनाच्या गाडीवर, तीही संगणकाच्या साह्याविना साकारली, याचे आजही नवल वाटते.

दुर्दैवाने गिअर-यंत्रणेनेच घात केला. वेग असूनही गाडी वारंवार शर्यतीबाहेर पडली. अखेर जुलै १९६७ मध्ये इंग्लंडमधील ब्रँड्स हॅच येथे फिल हिल आणि माइक स्पेन्स यांनी तिला विजय मिळवून दिला. तिचा तो एकमेव विजय आणि माजी विश्वविजेत्या हिल यांची ती अखेरची शर्यत. पुढच्याच वर्षी प्रोटोटाइप गाड्यांच्या इंजिनावर तीन लिटरची मर्यादा आली आणि २एफ निवृत्त झाली.

उंच पंखांचे लोण दरम्यान फॉर्म्युला वनमध्ये पोहोचले होते. मे १९६९ मध्ये बार्सिलोनात लोटसच्या दोन्ही गाड्यांचे पंख मोडून मोठे अपघात झाले आणि उंच व हलत्या पंखांवर बंदी आली. हॉल यांच्या दोन्ही कल्पना नियमबाह्य ठरल्या. (हलता पंख ‘डीआरएस’ या नावाने २०११ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये परतला, तो नियमकर्त्यांच्याच आमंत्रणावरून!)

मागचा भाग रस्त्याला न टेकल्यास काय होते, हे पोर्श ९१७ ने त्याच वर्षी दाखवून दिले. भरधाव वेगात ही गाडी मागून हलकी होऊन भरकटे. १९६९ च्या ल माँ शर्यतीत पहिल्याच फेरीत जॉन वूल्फ या खासगी चालकाचा ९१७ मध्ये मृत्यू झाला. ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रियात चाचणी सुरू असताना अभियंता जॉन हॉर्समन यांना गाडीच्या पुढील भागावर चिलटे चिरडलेली दिसली. शेपटी मात्र स्वच्छ. याचा अर्थ हवा तेथवर पोहोचतच नव्हती. जागीच ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकून शेपटी आखूड आणि उंच करण्यात आली, आणि गाडी शहाण्यासारखी धावू लागली. १९७० मध्ये ९१७ नेच पोर्शला ल माँचे पहिले निर्विवाद विजेतेपद दिले.

दुसऱ्या टोकाचा प्रयोग प्यूजोचा. जुलै २०२२ मध्ये मोंझा येथे उतरलेल्या ‘९एक्स८’ला मागचा पंखच नव्हता. गाडीच्या तळाखालून वेगाने जाणारी हवा जो शोष निर्माण करते, त्यावर सारी भिस्त होती. तिची चारही चाके सारख्या रुंदीची. प्रतिस्पर्ध्यांचे मागचे टायर मात्र अधिक रुंद. २०२३ मध्ये मोंझा येथे तिसरा क्रमांक मिळाला, ल माँमध्ये काही काळ आघाडीही. विजय काही लाभला नाही. एप्रिल २०२४ मध्ये इमोला येथे ९एक्स८ नव्या रूपात आली, तेव्हा तिचे मागचे टायर रुंद झालेले होते आणि पाठीवर सरळसाधा पंख होता.