गोदाकाठची गिरणी आणि मुधोळचा कापूस

जुन्या छायाचित्रांवरून इतिहास वाचावयाचा, तर चित्रात काय आले आहे याइतकेच चौकटीबाहेर काय राहिले, हेही पाहावे लागते. गोदावरीच्या उत्तर तीरावरील नांदेड घ्या. नदीचे घाट, १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी जेथे देह ठेवला ते हुजूर साहिब, आणि सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे नाव धारण करणारी उस्मानशाही गिरणी, ही त्या शहराची ठळक चिन्हे. कॅमेरा स्वाभाविकपणेच त्यांच्याकडे वळतो. परंतु गिरणीला लागणारा कापूस काही घाटावर पिकत नाही.

तो पिकतो भोवतालच्या काळ्या जमिनीत. १९५६ पर्यंत मुधोळ हा नांदेड जिल्ह्याचाच एक तालुका होता. या मुलखाचा गावरानी कापूस बैलगाडीतून बाजारात यावयाचा, तेथे सरकी निघून त्याच्या गासड्या बांधल्या जावयाच्या. विसाव्या शतकाच्या आरंभी बासर, धर्माबाद व नांदेड यांना जोडीत मनमाडकडे जाणारा लोहमार्ग सुरू झाला आणि ही वाहतूक सुकर झाली. म्हणून गिरणीच्या धुराड्याचे चित्र हे शेतात कापूस वेचणाऱ्या बायांचेही चित्र होय. फक्त त्या त्यात दिसत नाहीत.

न दिसण्याचे कारण शोधण्यास दूर जावयास नको. निजामाच्या राज्यातील सर्वांत नामवंत छायाचित्रकार म्हणजे राजा दीनदयाळ (१८४४–१९०५). १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह मिळविल्या, हे आपले भाग्यच. परंतु दरबारी छायाचित्रणाचा मुख्य विषय म्हणजे सरदार, शिकारी, राजवाडे आणि प्राचीन वास्तू. सरदाराच्या चित्राखाली हुद्द्यासह नाव येते. गाडीवानाच्या वा मजुराच्या चित्राखाली बहुधा केवळ त्याचा धंदा येतो.

छायाचित्राच्या या चौकटीवर १९५६ साली दुसरी एक चौकट पडली. राज्यपुनर्रचनेत नांदेड जिल्हा मुंबई राज्यात गेला. मुधोळ, भैंसा व कुबीर ही महसुली मंडळे मात्र आदिलाबाद जिल्ह्यास जोडून आंध्र प्रदेशात ठेवण्यात आली. २०१४ साली तेलंगण राज्य झाले आणि २०१६ साली मुधोळ नव्या निर्मळ जिल्ह्यात गेले. घरात मराठी व कचेरीत तेलुगू अशी रीत तेथील अनेक कुटुंबांच्या अंगवळणी पडली. अनेक राज्यांत व अनेक लिप्यांत विखुरलेल्या कोंकणी भाषकांस हा अनुभव निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

नकाशा बदलला, तरी छायाचित्राचा काळ बदलत नाही. १९५६ पूर्वीचे नांदेडचे चित्र मुधोळकरांच्याही जिल्ह्याचे चित्र आहे, आणि मुधोळ-भैंशाच्या पेटाऱ्यांतील चित्रे नांदेडच्या इतिहासाचा भाग आहेत. गिरणीची यंत्रे आता थांबली आहेत. तिच्या भोंग्यावर दिवस मोजणारी पिढी सरत चालली आहे. चित्रातील माणूस ओळखणारे कोणी घरात आहे तोवरच त्याच्या पाठीमागे नाव, गाव व साल, मराठीत आणि तेलुगूतही, लिहून ठेवावयास हवे. सरदारांसाठी हे काम दरबाराने केले. वेचणाऱ्यांसाठी व गाडीवानांसाठी ते त्यांच्या नातवंडांनीच करावयाचे आहे.