दादाभाईंची बडोद्यातली दिवाणगिरी

दादाभाई नौरोजी म्हटलं की आपल्याला तीनदा काँग्रेसचं अध्यक्षपद आठवतं, 1892 मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून मिळवलेली ब्रिटिश पार्लमेंटची जागा आठवते. ते आपल्या बडोद्याचे दिवाण होते, हे मात्र चरित्रकार दोन-चार ओळींत उरकतात, आणि उरकताना सूर बहुधा 'जमलं नाही' असाच असतो. मला हा सूर पटत नाही.

दादाभाईंचं घराणं नवसारीचं, म्हणजे गायकवाडी मुलखातलंच. 1874 साली मल्हारराव महाराजांचे दिवाण म्हणून ते बसले, तेव्हा राज्याच्या कारभाराची मीडसाहेबांच्या कमिशनमार्फत चौकशी होऊन गेलेली होती. त्यांनी बरोबर आपली माणसं आणली: न्यायखात्याकडे बाळ मंगेश वागळे, महसुलाकडे काझी शहाबुद्दीन, शिवाय होरमसजी वाडिया. न्यायाच्या कामातला नजराणा बंद करणं हा त्यांचा पहिला आग्रह. पण जुने दिवाण नानासाहेब खानवेलकर, म्हणजे महाराजांचे मेहुणे, 'प्रतिनिधी' हा किताब घेऊन दरबारातच राहिले. आणि रेसिडेंट कर्नल फेअर यांना तर दादाभाईंची नेमणूकच मान्य नव्हती. मी इंजिनियर माणूस. यंत्र दुरुस्तीला द्यायचं आणि पाना मात्र दुसऱ्याच्या हातात ठेवायचा, असला हा प्रकार!

व्हाइसरॉय नॉर्थब्रुक यांनी सुधारणेसाठी 31 डिसेंबर 1875 पर्यंत मुदत दिली होती. 2 नोव्हेंबर 1874 ला दरबाराने खलिता पाठवून फेअरना हलवण्याची मागणी केली. त्यानंतर सातच दिवसांनी, 9 तारखेला, फेअरसाहेबांच्या सरबतात विष असल्याचा बोभाटा झाला. सोमल आणि हिऱ्याची पूड! फेअर गेले, त्यांच्या जागी सर लुईस पेली आले. म्हणजे दरबाराची मागणी पुरी झाली, पण ती अशा वेळी, की तिचा उपयोग शून्य. 1875 च्या जानेवारीत दादाभाईंनी बडोदं सोडलं आणि त्याच महिन्याच्या 14 तारखेला महाराजांना अटक झाली.

पुढचा खटला सर्वांना ठाऊक आहे. सहा जणांच्या कमिशनमधल्या तिघा इंग्रजांनी महाराजांना दोषी धरलं. जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव राजवाडे या तिघांनी धरलं नाही. शेवटी पदच्युती झाली ती गैरकारभाराच्या कारणावरून. विषप्रयोगाचा निकाल आधाराला घेतलाच नाही. आता बघा, गैरकारभार सुधारायला दिलेल्या मुदतीतले आठ महिने अजून शिल्लक होते.

काहीजण म्हणतात, बडोद्याच्या अनुभवातून दादाभाईंचा 'संपत्तीच्या वहना'चा सिद्धांत निघाला. ते तारखांशी जुळत नाही. इंग्लंडकडे वाहणाऱ्या पैशाचा मुद्दा त्यांनी 1867 मध्येच लंडनला मांडला होता. बडोद्याने त्यांना दुसरं काही दाखवलं असेल: देशी राज्यात देशी अधिकारी काम करू शकतात, पण रेसिडेंटने करू दिलं तर. 1876 मध्ये मुंबईत त्यांनी हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला, आणि आकड्यांनी भरलेलं ते लेखन पुढे 1901 च्या ग्रंथापर्यंत वाढत गेलं.

सर टी. माधवरावांना दिवाणगिरी मिळाली तेव्हा गादीवर अल्पवयीन सयाजीराव होते आणि ब्रिटिशांचा पूर्ण पाठिंबा होता. दादाभाईंना यातलं काहीच नव्हतं, म्हणून दोघांची तुलना करताना जरा सांभाळूनच करावी. माधवरावांनंतर, 1883 मध्ये, बडोद्याच्या दिवाणपदी आले ते काझी शहाबुद्दीन, दादाभाईंनी आणलेल्या माणसांपैकीच एक.